व्हीसीआरच्या हेडची स्वच्छता

शाळेच्या कपाटात किंवा घरातील पेटीत जपून ठेवलेली व्हिडिओ कॅसेट पुष्कळ वर्षांनी यंत्रात घालावी आणि पडद्यावर ओळखीचे चेहरे उमटण्याऐवजी पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडावा, असा अनुभव अनेकांना येतो. नवल असे की, आवाज बहुधा स्वच्छ ऐकू येत असतो. फीत खराब झाली असे समजून आपण ती टाकून देण्यास निघतो. परंतु तो आवाजच दोषाचे खरे ठिकाण सुचवीत असतो. साधा ध्वनी फितीच्या कडेवर नोंदलेला असतो व तो वाचणारे हेड स्थिर असते. चित्र वाचणारी हेडे निराळी असतात, आणि मळ साचतो तो बहुधा त्यांवर. (हेडला कोणी ‘शीर्ष’ म्हणतात, पण दुरुस्ती करणाऱ्या कारागिराशी बोलताना त्या शब्दाचा उपयोग होत नाही, म्हणून येथे ‘हेड’ हाच शब्द ठेवला आहे.)

१९७६ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या व्हीएचएस पद्धतीचे यंत्र आपण उदाहरणादाखल घेऊ. त्यात ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत धातूचा ढोल किंचित तिरका बसविलेला असतो. त्याच्या फिरत्या भागावर, परस्परांच्या समोरासमोर, निदान दोन चित्रहेडे असतात. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत हा ढोल मिनिटाला १५०० फेरे घेतो. फीत स्वतः सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते; हेडे मात्र तिच्यावरून सेकंदाला सुमारे ४.८ मीटर वेगाने तिरक्या रेघा ओढीत जातात. प्रत्येक रेघेत चित्राचा एक अर्धा भाग असतो. म्हणून एकच हेड मळले, तर चित्र अजिबात नाहीसे न होता ठिपक्यांआडून लुकलुकत राहते.

एवढासा मळ इतका अनर्थ कसा करतो? फितीवरील चित्रसंकेताच्या चुंबकीय लहरीची लांबी सुमारे एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग असते. हेड आणि फीत यांच्यामध्ये तेवढ्याच जाडीचा थर आला, तर संकेत पाचशेव्या हिश्श्याहूनही क्षीण होतो. डोळ्यांना न दिसणारा हा थर फितीवरून सुटलेली भुकटी, धूळ आणि आपल्याकडील दमट हवेत फितीवर वाढणारी बुरशी यांचा बनतो. कॅसेटच्या खिडकीतून पांढुरकी बुरशी दिसत असेल, तर ती कॅसेट यंत्रात घालूच नये. तिचा मळ हेडवर बसतो आणि पुढच्या कॅसेटलाही लागतो.

सफाईला हात घालण्यापूर्वी ट्रॅकिंगची कळ फिरवून पाहावी. ठिपक्यांचा पट्टा तिच्याबरोबर सरकून नाहीसा झाला, तर सफाईची गरजच नाही. तसे न झाल्यास कॅसेट बाहेर काढावी, विजेची तार भिंतीतून उपटावी, काही वेळ थांबावे आणि मगच वरचे झाकण काढावे. वीजपुरवठ्याच्या भागात तार काढल्यावरही विद्युत्‌भार शिल्लक राहू शकतो. तिकडे बोट नेऊ नये. विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

द्रव म्हणून ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. औषधाच्या दुकानातील ७० टक्क्यांच्या अल्कोहोलात उरलेला भाग मुख्यतः पाण्याचा असतो. खिडक्या उघड्या व ज्योत दूर असावी. कापूस मात्र कटाक्षाने टाळावा. चित्रहेडाचे टोक फेराइट या काचेसारख्या ठिसूळ द्रव्याचे असून ते ढोलाच्या पृष्ठभागाबाहेर किंचित डोकावत असते. कापसाचा धागा त्यात अडकला व आपण ओढला की टोक तुटते, आणि तुटलेले टोक सांधता येत नाही. व्हीसीआरचे उत्पादन २०१६ साली थांबल्यामुळे नवा ढोल मिळविणे दुर्घट झाले आहे. शॅमॉय नावाचे मऊ चामडे किंवा, तेही नसेल तर, साध्या कोऱ्या कागदाची पट्टी या कामास उत्तम.

पट्टी अल्कोहोलाने ओली करून ढोलाच्या बाजूस हलकेच टेकवावी व तेथेच स्थिर धरावी. दुसऱ्या हाताने ढोलाचा माथा धरून तो सावकाश काही फेरे फिरवावा. हलवावयाचा तो ढोल, पट्टी नव्हे. पट्टी वर-खाली घासली, तर टोक मोडलेच म्हणून समजावे. पट्टीवर तपकिरी डाग उमटेल. जागा बदलून तो उमटेनासा होईपर्यंत हीच क्रिया करावी. स्थिर ध्वनिहेड व फितीच्या वाटेवरील धातूचे खुंट त्याच द्रवाने पुसावेत. रबरी रूळ अल्कोहोलाने कालांतराने कडक होऊ शकतो, म्हणून तो साबणाच्या किंचित पाण्याने पुसून कोरडा करावा.

यानंतर अर्धा तास यंत्र उघडेच वाळू द्यावे. ओल्या ढोलाला फीत चिकटते व फाटते. प्रथम ज्याचे मोल नाही अशी कॅसेट लावून पाहावी, लग्नाची किंवा स्नेहसंमेलनाची नव्हे. दोन-तीनदा सफाई करूनही ठिपके कायम राहिले, तर हेड मळलेले नसून झिजलेले असण्याचा संभव आहे. अशा वेळी ती कॅसेट दुसऱ्या, चालू यंत्रावर लावून पाहावी. चित्र उमटलेच, तर त्याच बैठकीत त्याची संगणकावर नक्कल करून घ्यावी.