विमानांच्या नंबरांचे वेड

कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी काड्यापेटीचे छाप. इंग्लंडातल्या काही मंडळींना मात्र लढाऊ विमानांच्या नंबरांचे वेड असते. हवाई तळाच्या कुंपणाबाहेर, भर पावसात, दुर्बीण डोळ्यांना लावून ही मंडळी तासन् तास उभी राहतात. विमान दिसले की त्याच्या अंगावरचा क्रमांक वहीत टिपायचा आणि घरी जाऊन छापील यादीत त्यापुढे खूण करायची. झाले! एवढ्यावर स्वारी खूश. अलीकडे जोडीला छोटे वायरलेस यंत्रही आले आहे. विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख स्वतःच सांगते. लष्करी वैमानिकाला वाटले तर तो ती सांगत नाही, हा भाग निराळा.

पण कुंपण परक्या देशाचे असले म्हणजे? नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता येथील हवाई तळावर १२ ब्रिटिश व २ डच हौशी पाहुण्यांना पकडण्यात आले. वह्यांतून निघाले नुसते आकडे! असला छंद तिथे फारसा कुणाच्या ऐकिवात नव्हता. आकडे टिपणारा हेरच असणार, असा सरळ हिशेब झाला. सुमारे ५ आठवडे तुरुंगात काढल्यावर जामीन मिळाला. एप्रिल २००२ मध्ये ८ जणांना ३ वर्षांची कैद आणि ६ जणांना १ वर्षाची स्थगित शिक्षा झाली. पुढे नोव्हेंबरात अपील झाले, तेव्हा ते निर्दोष ठरले. ग्रीकांना हसायला नको. २०१० साली दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलातून असेच दोन ब्रिटिश पकडले गेले व पुढे दंड भरून सुटले.

मग या आकड्यांत खरोखरच काही गुपित असते काय? कधी कधी असते, आणि ते भलत्याचेच असते. जानेवारी २००४ मध्ये स्पेनच्या पाल्मा विमानतळावर एका हौशी माणसाने साध्या दिसणाऱ्या एका बोइंग ७३७ चा फोटो काढला. क्रमांक एन ३१३ पी. हे विमान लष्कराचे नव्हे, अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या कामगिरीवरचे होते. याच विमानाने मॅसिडोनियातील स्कोप्ये येथून खालेद अल-मसरी या जर्मन गृहस्थाला काबूलला नेले. नामसाधर्म्यावरून! बिचारा मे महिन्यापर्यंत कोठडीत होता. त्याच्या सांगण्यावर विश्वास कोण ठेवणार? पत्रकारांनी असे फोटो आणि हौशी मंडळींच्या नोंदी उड्डाणांच्या कागदपत्रांशी ताडून पाहिल्या, तारखा जुळल्या. डिसेंबर २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मॅसिडोनियाला दोषी ठरवले आणि अल-मसरीला ६०,००० युरो भरपाई देवविली.