वरचा थर आणि दहा वर्षांचं कुलूप

पगार चांगला आहे, हप्ता परवडतो, पण सुरुवातीला भरायची रक्कम हाताशी नाही, अशी कुटुंबं 1950च्या दशकातल्या अमेरिकेतही पुष्कळ होती. त्यांच्या कर्जाला एफएचए ही सरकारी संस्था हमी देई. पण तिथली कागदपत्रं रेंगाळत. मिलवॉकीचे वकील मॅक्स कार्ल यांनी अडीच लाख डॉलर उभे केले आणि 1957 मध्ये एमजीआयसी ही खासगी हमी कंपनी काढली.

धाडस मोठं होतं. 1930च्या मंदीत न्यूयॉर्कच्या हमी कंपन्या बुडाल्या होत्या, कारण त्यांनी सबंध कर्जाची हमी घेतली होती. कार्ल यांनी नुकसानीचा फक्त वरचा थर उचलला. दहा हजारांच्या घरावर नऊ हजारांचं कर्ज असेल, तर वीस टक्क्यांच्या हमीत कंपनीवर साधारण अठराशेंचा भार. खालचं सगळं बँकेचं. त्यामुळे कर्जदार नीट पारखण्याची गरज बँकेलाही उरे. मला या रचनेचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं.

दुसरी तजवीज राखीव निधीची. हमीपोटी मिळकतीत धरलेल्या विमाहप्त्यांपैकी निम्मी रक्कम दहा वर्षं बाजूला ठेवायची. मोटारविम्यात अपघातांचे दावे दरवर्षी थोडेथोडे येतात. घरांची कर्जं मात्र मंदीत एकदम थकतात. त्या एका वाईट काळासाठी चांगल्या वर्षांची कमाई कुलपात.

1982 मध्ये कंपनी बाल्डविन-युनायटेड या पियानोवाल्या समूहानं घेतली, आणि पुढच्याच वर्षी त्या समूहाचं दिवाळं निघालं. 1985 मध्ये व्यवस्थापकांनी नॉर्थवेस्टर्न म्युच्युअलच्या साथीनं हमीचा धंदा सोडवून घेतला. कार्ल 1995 मध्ये वारले.

पुढचा घाव जास्त खोल होता. बँका आता कर्ज देऊन लगेच पुढे विकू लागल्या होत्या. खालचा थर दुसऱ्याच्या गळ्यात पडला, मग पारख कोण करणार? उत्पन्नाचा पुरावा न घेता दिलेल्या कर्जांनाही हमी मिळाली. 2007 मध्ये एमजीआयसीचा तोटा दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. ती तगली; पीएमआय ही स्पर्धक कंपनी 2011 मध्ये अ‍ॅरिझोनाच्या विमा खात्यानं ताब्यात घेतली आणि दावेदारांच्या हाती निम्मेच पैसे रोख ठेवले. कुलपातली रक्कम अशा कर्जांपुढे अपुरी होती.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं 2008 मध्ये अशा कंपन्यांसाठी नियम केले, त्यांतही राखीव निधीची अट आहे. राष्ट्रीय आवास बँकेच्या पुढाकारानं आयएमजीसी ही हमी कंपनी उभी राहिली. ठाण्या-पुण्यातल्या तरुण जोडप्यांना तिचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं. मात्र कर्ज देणारी बँक आपला खालचा थर स्वतःकडे ठेवते का, हे प्रत्येक करारात आधी पाहायला हवं.