घरची शाळा आणि बाहेरचे सवंगडी

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे पुण्या-मुंबईत आता अगदीच नवलाची राहिलेली नाहीत. त्यांची संख्या थोडी. परंतु चर्चा फार, आणि ती बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. मूल शिकेल हो, पण त्याला चार माणसांत वावरता येईल काय? प्रश्न रास्त आहे. मात्र ही ‘चार माणसे’ म्हणजे कोण, हे ना विचारणारा सांगत, ना उत्तर देणारा.

आधी शिकण्याचा भाग उरकून घेऊ, कारण तो त्या मानाने सोपा आहे. मोठ्या वर्गात दिवसभरात जे होते, त्यातले पुष्कळसे एका मुलाला समोर घेऊन बसल्यास दोन-अडीच तासांत होते. परीक्षेचीही सोय आहे. १९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या (आता ते ‘संस्था’ झाले आहे) दहावीला चौदा वर्षे पूर्ण झालेले मूल बसू शकते. आणि आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज तर कामगारवस्तीत सर्वांच्याच परिचयाचा आहे.

कायद्याची बाजू मात्र जरा अवघड. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे तो म्हणतो; पण ते न करणाऱ्या पालकाला कोणतीही शिक्षा सांगत नाही. घरची शाळा आपल्याकडे या फटीत उभी आहे. इंग्लंडने १९४४ च्या कायद्यातच ‘शाळेत किंवा अन्य प्रकारे’ असे शब्द घालून वाट मोकळी ठेवली. जर्मनीत ती बंद आहे. तिथले एक प्रकरण २००६ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापुढे गेले, तेव्हा मुलाला समाजाचा पहिला अनुभव शाळेत मिळतो, हा जर्मन न्यायालयांचा विचार त्या न्यायालयाने ग्राह्य धरला.

पण शाळेच्या भिंतीआड समाज आपोआप मिळतो काय? साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब आंबेडकर घरून गोणपाट नेऊन कोपऱ्यात वेगळे बसत. पटावर नाव होते, हजेरी लागत होती. सहवास मात्र नव्हता. याच्या उलट बाजूला रवींद्रनाथ ठाकूर. चार शाळा पाहिल्या, एकीतही मन रमले नाही; शिक्षण बहुतेक घरीच झाले. वाडा माणसांनी भरलेला, परंतु मूल नोकरांच्या ताब्यात. एक नोकर खडूचे वर्तुळ आखून त्यात त्यांना बसवी आणि बाहेर पाऊल टाकू नको म्हणून सीतेची कथा सांगून दटावी. पुढे रवींद्रनाथांनी शिलाईदहाला स्वतःच्या मुलांना घरीच शिकवले. पण १९०१ साली आपल्या मुलाला आणि आणखी मोजक्या मुलांना घेऊन शांतिनिकेतनात त्यांनी शाळाच काढली. शाळेवर एवढा राग असलेल्या माणसालाही मुलांना मुले लागतात, हे टाळता आले नाही.

आज घरी शिकवणारे पालक म्हणतात, आमचा मुलगा सोमवारी तबल्याला जातो, बुधवारी पोहायला, शनिवारी चित्रकलेला. माणसे रोज भेटतात. भेटतात, यात शंका नाही. पण तबल्याच्या वर्गात मुले रांगेने बसतात, गुरुजींकडे तोंड करून. तास संपला की आई दाराशी उभीच असते. ही ओळख झाली. सहवास निराळा. तीच मुले, तीच जागा, वरचेवर, आणि मोठे माणूस ऐकू येणार नाही इतके लांब, एवढे जुळले म्हणजे सहवास सुरू होतो. लगोरीचा डाव पाहा. राज्य कोणावर, रेषा कुठे, चेंडू लागला की नाही, हे सारे मुलेच ठरवतात. भांडण होते, एकजण रडीचा डाव खेळतो, दुसरा रुसून घरी जातो आणि डाव मोडू नये म्हणून कोणीतरी त्याला बोलावून आणतो. फार लहान मूल आले तर त्याला ‘कच्चा लिंबू’ करून घेतात. ते खेळते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. दुबळ्याला डावात ठेवण्याची ही युक्ती कोणत्या पंतोजींनी शिकवली? आम्ही युनियनची माणसे वाटाघाटींना बसतो, तेव्हा याहून फार वेगळे काही करतो असे आम्हांस वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते तीच मुख्य. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचे आपसांत गट असतात, सहली निघतात. चांगलेच आहे. परंतु त्या गटातली मुले आईबापांनी निवडलेली असतात. सारख्या उत्पन्नाची, सारख्या बोलीची. खालच्या गल्लीतला पाववाल्याचा मुलगा त्यात नसतो. ज्याची बोली कानाला खटकते, ज्याच्या डब्याला निराळा वास येतो, त्याच्याबरोबर निभावून नेणे, हे ‘चार माणसांत वावरणे’. पैसेवाल्यांच्या शाळांतही ते शिकायला मिळत नाही, हे मान्य. म्हणून तर २००९ च्या कायद्याने विनाअनुदानित शाळांतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या.

आमचा जीव या विषयात अडकतो तो आणखी एका कारणाने. सक्तीचे शिक्षण आपल्याला फुकट मिळालेले नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे ते मागितले. १९११ साली गोखल्यांनी विधेयक आणले, ते पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते सुरू केले. आणि ‘ती घरीच शिकते’ हे वाक्य आमच्या वस्त्यांत आजही निराळ्या अर्थाने बोलले जाते. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, आईबरोबर घरी आणलेल्या मालाला बटणे लावते. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई झाली. पण घरच्या धंद्यात, तो धोक्याचा नसल्यास, शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत मदत करण्याची मुभा राहिली. जिथे शाळाच नाही, तिथे ‘शाळेच्या वेळेनंतर’ म्हणजे केव्हा? म्हणून घरी शिकवण्याला उद्या कायद्याने मान्यता द्यायची झालीच, तर मुलाची भेट घेणारा, ते काय शिकले ते पाहणारा कोणीतरी हवाच. सुशिक्षित पालकांना हा जाच वाटेल. त्यांनी तो त्या मुलीसाठी सोसावा.

ज्यांनी घरीच शिकवायचे ठरवले आहे, त्यांनी रोज संध्याकाळचे दोन तास मोकळे सोडावेत आणि मुलाला वस्तीतल्याच मैदानावर पाठवावे. तेव्हा शाळेची मुलेही सुटलेली असतात. तिथे क्लास लावू नये, शिट्टी घेऊन उभे राहू नये. राष्ट्र सेवा दलाची शाखा जवळ असल्यास उत्तम. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की त्याच्याकडे एखादे सार्वजनिक काम द्यावे. गल्लीच्या गणपतीची वर्गणी गोळा करणे, तिचा हिशेब चार लोकांपुढे वाचून दाखवणे, हे गणितही आहे आणि व्यवहारही. आमच्या कितीतरी कार्यकर्त्यांची पहिली पावतीपुस्तके अशीच फाटली.

पावसाळ्याच्या चार महिन्यांची सोय आधी करून ठेवावी लागते. मैदान चिखलाचे, आणि घरी बोलावले तर पुन्हा घरातलीच, निवडक मुले येणार. सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीला लेखी अर्ज करून रविवारची सकाळ मागावी. खोली परिसरातल्या सर्व मुलांसाठी खुली राहील, हे अर्जातच लिहावे. कॅरमचे दोन बोर्ड, जुनी मासिके, एक सतरंजी एवढ्यावर भागते. झाडलोट मुलांनीच करावी, आणि किल्ली कोणाकडे राहणार ते पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.