काँक्रीटचा मजला, मातीचे धाबे आणि शून्याचा हिसाब

नगरच्या कापड बाजारात आमची पेढी जुनी. जाड दगडी भिंतींचा वाडा, वर मातीचे धाबे. १९९४ साली आम्ही त्याचा मागचा अर्धा भाग पाडून तेथे सिमेंट-काँक्रीटची दुमजली इमारत उभी केली. खाली गोदाम, वर शिलाईचा कारखाना. लोकांनी मुबारकबाद दिली, आम्हीही खूश होतो. आज हालत अशी की, मे महिन्याच्या दुपारी पुढच्या जुन्या दुकानात गिऱ्हाईक नुसत्या पंख्याखाली निवांत बसते आणि मागे वरच्या मजल्यावर बारा ते चार मशीन बंद ठेवावे लागते. कारागिराची मजुरी नगावर असते. चार तास मशीन बंद म्हणजे त्याच्या घरची चूल अर्धी.

आता मुलांचा आग्रह आहे की उरलेला वाडाही पाडून काचेचे शोरूम करावे. त्या निमित्ताने आम्ही इंजिनियर, गवंडी आणि जाणकार मंडळींकडे जी चौकशी केली ती व्यापारी बांधवांपुढे ठेवतो.

हल्ली ‘नेट झिरो’ हा शब्द कानावर येतो. इमारत बांधताना आणि वापरताना जेवढा कार्बन हवेत जातो तो शक्य तितका घटवायचा आणि उरलेल्याची भरपाई करून शिल्लक शून्यावर आणायची, असा त्याचा मतलब. जगात ऊर्जा व कारखानदारीतून निघणाऱ्या कार्बनपैकी एक तृतीयांशाहून अधिक इमारती आणि बांधकामाच्या नावे पडतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदा केला की २०३० पासून तेथील नवी इमारत वापरात असताना जागेवर कोळसा-तेल-गॅस जाळणारी नसावी. आपल्या सरकारने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत सबंध देशासाठी २०७० ही मुदत जाहीर केली. मुदत लांब आहे. पण आज बांधलेली इमारतही तोवर उभीच असणार.

व्यापाऱ्याच्या भाषेत हा दोन खात्यांचा मामला आहे. एक भांडवली, दुसरे रोजखर्चाचे. भांडवली खात्यात सर्वांत जड रक्कम सिमेंट आणि लोखंडाची. चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजून सिमेंटचा कच्चा माल होतो. त्यात कोळशाचा धूर तर निघतोच, पण त्याहून जास्त कार्बन खुद्द चुनखडीच्या दगडातून सुटतो. म्हणून भट्टी कितीही सुधारली तरी ते खाते पुरते मिटत नाही. जगाच्या एकूण कार्बनपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेले सिमेंट घेतले की हा बोजा घटतो. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये ही राख ३५ टक्क्यांपर्यंत चालते. मात्र त्यावर पाणी जास्त दिवस मारावे लागते, आणि आपले ठेकेदार नेमके तेथेच घाई करतात.

उभ्या वाड्याच्या दगडाचे, सागवानाचे मोल कधीच चुकते झाले आहे. तो पाडला की राडारोडा होतो आणि नवे खाते पुन्हा कोऱ्या पानापासून सुरू होते. ही गोष्ट आमच्या ध्यानात १९९४ साली आली नाही.

रोजखर्चाच्या खात्याचा धडा आपल्याच शहरात आहे. निजामशाहीच्या काळात १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग महाल भर तलावाच्या मधोमध बांधला. जाड भिंती, मध्ये उंच घुमटाचे दालन, चारी बाजूंना पाणी. पाण्यावरून येणारा वारा थंड होऊन आत शिरे, गरम हवा वर राही. शहरात आणि बागांत पाणी आणले ते कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून, जमिनीखालच्या खापरी नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर. पंप नाही, वीज नाही. आता तलाव कोरडा आहे. जुने ते सर्व चोख होते असेही नाही. चुन्याच्या भट्टीत लाकूड जळतच होते. पण उन्हाळा इमारतीच्या बाहेर अडवायचा, ही अक्कल त्या उस्तादांना होती. काचेचे शोरूम म्हणजे उन्हाला आत बोलवायचे आणि मग एसी लावून हाकलायचे.

आधी गरज घटवायची, मग सूर्याकडून कमवायचे, हा क्रम दिल्लीतील पर्यावरण मंत्रालयाच्या इंदिरा पर्यावरण भवनात पाळला आहे. २०१४ मध्ये उद्घाटन झालेल्या त्या इमारतीत आधी मोकळ्या चौकातून हवा-उजेड खेळवला, मग ९३० किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली. आपल्याकडे एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण ते घरासाठी, दुकानासाठी नाही. दुकानाचा वीजदर घरापेक्षा चढा असल्याने बचत मात्र तेथे जास्त होते.

आम्ही मागच्या गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले आहेत, पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे काढायला सांगितले आहेत. सौर पत्र्यांचे भाव मागवले आहेत. त्यांच्या सावलीनेही छत कमी तापेल, असे इंजिनियरचे म्हणणे. पुढच्या वाड्याबाबत घरात अजून एकमत नाही. धाबे गळते, ही मुलांची तक्रार खोटी नाही. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायला आम्हाला दोन महिने लागले. सत्तरी ओलांडलेला भिंगारचा एक उस्ताद मिळाला. त्याची मुले वेल्डिंग करतात. येत्या जुम्म्यानंतर तो धाब्याची माती पाहायला येणार आहे. धाकट्याला आम्ही त्याच्याबरोबर वर चढायला सांगितले आहे.