ओटीपी कुणालाच सांगितला नाही, मग खात्यातले पैसे गेले कसे?

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘पीडीएफ’ऐवजी ‘एपीके’ असतं, पण तेवढं कोण पाहतं! नंबरही अनेकदा ओळखीच्याच माणसाचा असतो, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. फाइलवर टॅप केलं की पत्रिका उघडत नाही, एक ॲप इन्स्टॉल होतं आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की पुढचा प्रत्येक ओटीपी चोराकडेही जातो. ग्राहकाने तो कुणालाच सांगितलेला नसतो. बँकेच्या नोंदीत मात्र व्यवहार रीतसर ओटीपीने मंजूर झालेला दिसतो.

ओटीपी नेमकं काय सिद्ध करतो?

ऑनलाइन कार्ड पेमेंटसाठी कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पडताळणी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. ओळख तीन प्रकारे पटवता येते: तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट (पिन, पासवर्ड), तुमच्याजवळची वस्तू (फोन, कार्ड) किंवा तुमचं शरीर (बोटाचा ठसा, चेहरा). ओटीपी दुसऱ्या प्रकारात मोडतो. ‘हे सिम माझ्याजवळ आहे’ एवढाच तो पुरावा. पण एसएमएस परवानगी मिळालेलं कुठलंही ॲप वाचू शकतं. चोराने तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं, तर हा पुरावा थेट त्याच्याच खिशात जातो.

यूपीआयमध्ये रोजच्या पेमेंटला ओटीपी लागत नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. नोंदणी करताना ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस आपोआप पाठवतं आणि तो नंबर त्या फोनशी बांधला जातो. म्हणजे फोन हा पहिला पुरावा आणि पिन दुसरा. रचना चांगली आहे. पण पिन नव्याने सेट करताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत आणि पुन्हा ओटीपीच लागतो. कार्डाची माहिती ‘केवायसी अपडेट’च्या खोट्या फॉर्मवर आपण स्वतःच भरून दिलेली असते.

नवे नियम काय म्हणतात?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये पडताळणीबाबत नवे निर्देश काढले; अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. ‘ओटीपी बंद होणार’ अशा पोस्ट तेव्हा फिरल्या. तसं काही नाही. दोन पुरावे कायम आहेत आणि प्रत्यक्ष कार्ड न वापरता होणाऱ्या व्यवहारांत त्यातला किमान एक त्या व्यवहारापुरताच तयार झालेला हवा. महत्त्वाची अट वेगळीच आहे: एक पुरावा फुटला तरी दुसऱ्याच्या विश्वासार्हतेला धक्का लागता कामा नये. एकाच फोनवर पिन टाइप होतो आणि ओटीपीही येतो, तिथे बँकांची खरी परीक्षा आहे. ठिकाण, फोन, खर्चाची सवय पाहून संशयास्पद व्यवहाराला जादा तपासणी लावण्याची मुभाही आहे. एरवी दोन-तीन हजारांचे व्यवहार करणाऱ्या खात्यातून रात्री दोनला नव्या फोनवरून मोठी रक्कम निघत असेल, तर ओटीपी बरोबर आहे म्हणून गप्प बसणं पुरेसं नाही.

पैसे गेले तर भरपाई कोण देणार?

हे निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झालं, तर बँकेने ते पूर्ण भरून द्यायचं आहे. निर्देश पाळले असतील तर? २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून यंत्रणेत इतरत्र असेल आणि कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार झाली, तर ग्राहकावर भार शून्य. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला, तर तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. ते सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. एपीके उघडणं निष्काळजीपणा की फसवणूक, इथेच खरा वाद होतो.

त्यामुळे वेळ महत्त्वाची. इंटरनेट बंद करून दुसऱ्याच फोनवरून बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. ते ॲप आणि मेसेज पोलिसांना दाखवेपर्यंत फोन रिसेट करू नका.