संगणक अडतो कुठे?

लगेच फॉरमॅट मारायची घाई करू नका. विंडोजचं मशीन रखडलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क सतत 100 टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत दिसला, तर पहिला संशय हार्ड डिस्कवर घ्या. मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवरची जागा खराब झाली की डिस्क तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाचत बसते. माउसचा बाण तेवढा हलतो, बाकी सगळं थिजतं. अशा वेळी आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, हे अगदी कळकळीने सांगतो. आतून टकटक ऐकू येत असेल तर मात्र मशीन बंद करून जाणकाराकडेच न्या.

मेमरी काठोकाठ भरली असेल तर ब्राउझरचे टॅब मिटवून पाहा.

अर्ध्या तासाने, पंखा घोंगावू लागल्यावर मशीन संथ होत असेल तर ती उष्णता. प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग उतरवतो. प्लग काढा, पंख्याची पाती बोटाने धरा आणि जाळीत दाटलेली धूळ मऊ ब्रशने काढा.