पोळांचे शहर : चौकाखालचे पाणी

गेल्या आठवड्यात अहमदाबादच्या पोळेतील, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्लीवस्तीतील, घराच्या चौकापर्यंत आलेले विवेचन आता माणेक चौकाच्या बाजाराकडे वळावयाचे होते. परंतु चौकातील फरशीखालच्या टाक्याचा जो ओझरता उल्लेख तेथे आला होता, त्यावर एका वाचकाने असा प्रश्न विचारला आहे की त्यासाठी बाजार एक आठवडा लांबणीवर टाकणे भाग आहे. श्रावणात साठवलेले पाणी पुढच्या ज्येष्ठापर्यंत न नासता पिण्याजोगे राहते कसे, हा तो प्रश्न होय.

गडांवरील टाकी मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. ती कातळात खोदलेली आणि बहुधा उघडी असतात. अहमदाबादच्या पोळेतील टाके मात्र जमिनीखाली विटांनी बांधलेले, आतून चुन्याचा गिलावा दिलेले आणि वर घागर जाईल एवढेच झाकणबंद तोंड ठेवलेले असते. उतरत्या छपरावरचे पाणी पन्हळीतून आणि बऱ्याच घरांत तांब्याच्या नळीतून थेट या टाक्यात उतरते. साबरमतीचा प्रवाह पावसाळा सरल्यावर क्षीण होई आणि शहरातील विहिरींचे पाणी मचूळ असे, त्यामुळे विहिरीचे पाणी धुण्याभांड्याला आणि टाक्याचे पाणी पिण्याला व डाळ शिजवायला, अशी वाटणी रूढ झाली. पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल या शहरावर १७५८ पासून १८१७ पर्यंत होता. त्याच पेशव्यांच्या पुण्यात कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने उताराच्या जोरावर हौदांत खेळवले गेले. अहमदाबादच्या सपाट भूमीला असा उतार देणारा डोंगर जवळ नसल्याने प्रत्येक घराने आपल्या वाट्याचे आभाळच साठवून ठेवले.

हे साठवणे कितपत पुरेसे होते, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शहराचा वार्षिक पाऊस ढोबळमानाने ८०० मिलिमीटर धरला, तर ५० चौरस मीटरच्या छपरावर ४०,००० लिटर पाणी पडते. दहा माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व रांधण्यास रोज ५० लिटर पाणी धरले, तर वर्षाला सुमारे १८,००० लिटर लागतात. म्हणजे पहिल्या सरी वाहू दिल्या आणि बरेचसे पाणी वाया गेले, तरी टाके पुरेसे मोठे असल्यास वर्ष निभावते.

आता मूळ प्रश्न. टाक्यात ऊन पोचत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. तोंड झाकलेले असल्याने डास, पाने व धूळ आत जात नाहीत. जमिनीखाली तापमान फारसे बदलत नाही आणि पाणी स्थिर राहिल्याने गाळ तळाशी बसतो. परंतु ही सारी सिद्धी छपरापासून सुरू होते. पावसाळ्यापूर्वी छप्पर व पन्हळी झाडून घेणे, पहिल्या सरींचे पाणी टाक्यात न घेता बाहेर सोडणे आणि छपरावरची घाण निघून गेल्यावरच नळी टाक्याकडे वळवणे, हा क्रम चुकला तर चुन्याचा गिलावा आणि अंधार या दोहोंनीही पाणी वाचत नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात येणाऱ्या मघा नक्षत्राचा पाऊस गुजरातमध्ये विशेष शुद्ध मानतात, या समजुतीमागे श्रद्धा आहेच. पण तोवर महिना-दोन महिन्यांच्या पावसाने छप्पर धुऊन निघालेले असते, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय पोळांमधील जैन घरांत पाणी कापडाने गाळूनच वापरण्याचा दंडक असल्याने उपसलेल्या पाण्यावर आणखी एक संस्कार होई.

मग अशी टाकी मागे का पडली? रणछोडलाल छोटालाल हे शहरातील पहिल्या कापडगिरणीचे संस्थापक. नगरपालिकेचे अध्यक्ष असताना त्यांनी विरोध पत्करून नळयोजना रेटली आणि १८९१ मध्ये दुधेश्वर येथील जलकेंद्र सुरू झाले. त्यानंतर टाक्यांचे महत्त्व ओसरत गेले, असे सामान्यतः मानले जाते आणि ते खरेही आहे. पण नळ आल्यानंतरही अनेक घरांनी पिण्यासाठी टाकेच राखले, तेव्हा एवढ्याने उलगडा पुरा होत नाही. एकत्र कुटुंबात छप्पर, पन्हळ, चौक आणि टाके यांची मालकी एकाच घराची होती व झाडझूड कोणी करावी हा प्रश्नच नव्हता. घराच्या वाटण्या झाल्या, वरचा मजला एकाकडे आणि चौक दुसऱ्याकडे गेला, की वरच्याने छप्पर धुवावे आणि खालच्याने पाणी प्यावे अशी विचित्र स्थिती उद्भवते, आणि तेथे सुस्थितीतले टाकेही निरुपयोगी ठरते. २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत या शहराचा समावेश झाल्यापासून जुन्या घरांच्या दुरुस्तीला जोर आला असून काही घरांत टाकीही पुन्हा भरू लागली आहेत. मात्र अशा दुरुस्तीत गिलाव्याच्या खर्चाआधी छपराचा करार व्हावयास हवा, कारण टाके कोणत्याही गवंड्याला बांधता येते, पण दर ज्येष्ठात छपरावर कोणी चढावे हे घरातल्यांनीच ठरवावे लागते.